ओढ्यावरची शीव : म्योडलारॉइट या गावाची हकिकत

भूकरमापक म्हणून मी चोवीस वर्षे नोकरी केली. त्या काळात बांधावरून झालेली भांडणे इतकी पाहिली की माणूस जमिनीपेक्षा रेघेसाठी अधिक भांडतो, असे माझे मत बनले. शिवेचा दगड रात्रीतून दोन हात सरकवणारे पाहिले, दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने शेजाऱ्याचा बांध कोरत नेणारेही पाहिले. सगळे तंटे दगड हलल्याचे. दगड जागेवरून तसूभरही न हलता एखाद्या गावाची वाताहत होऊ शकते, हे मात्र मला म्योडलारॉइट या जर्मन खेड्याने दाखवले.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी जुने युरोपीय नकाशे वाचायच्या नादी लागलो. जर्मन भाषा शिकलो ती शब्दकोश आणि नकाशावरची अक्षरे यांच्याच आधाराने. त्यामुळे ‘हद्द’, ‘ओढा’, ‘पाणचक्की’ हे शब्द मला आधी आले आणि ‘नमस्कार’ नंतर. अशाच एका नकाशावर राज्याची हद्द एका वस्तीतून, घरांच्या मधून गेलेली दिसली. हद्द गावाच्या शिवेवरून जाते, गावातून नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला पाठ. छपाईची चूक असेल म्हणून दुसरा नकाशा काढला. त्यातही तेच. पुढे न्यूरेम्बर्गला नोकरी करणाऱ्या पुतण्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हा प्रेक्षणीय स्थळांच्या त्याच्या यादीवर मी काट मारली आणि एका शनिवारी त्याला गाडी उत्तरेकडे घ्यायला लावली.

न्यूरेम्बर्गहून बर्लिनकडे जाणारा नऊ क्रमांकाचा महामार्ग होफ शहराच्या पश्चिमेकडून जातो. होफच्या उत्तरेला पंधरा-एक किलोमीटरवर हे गाव आहे. मुख्य रस्ता सोडला की उंचसखल माळ लागतो : गवताची कुरणे, मधून मधून गव्हा-बार्लीची शेते, टेकड्यांच्या माथ्यावर स्प्रूसची काळपट राई. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंचीचा हा प्रदेश थंडीसाठी बदनाम आहे. होफच्या परिसराला बव्हेरियातले लोक थट्टेने ‘बव्हेरियाचा सायबेरिया’ म्हणतात. गावाच्या नावातला शेवटचा भाग, ‘रॉइट’, म्हणजे झाडे तोडून, खुंट उपटून लागवडीखाली आणलेली जमीन. वाग्नरच्या संगीत नाटकांमुळे जगाला ठाऊक झालेल्या बायरॉइटच्या नावातही हाच शब्द आहे. मध्ययुगात जंगल हटवून वस्ती करणाऱ्या शेतकऱ्यांनी पाणी पाहून जागा निवडली, आणि ते पाणी म्हणजे टानबाख. ‘टान’ म्हणजे फरचे झाड, ‘बाख’ म्हणजे ओढा.

या ओढ्याविषयी वाचून माझ्या मनात काही एक चित्र तयार झाले होते. प्रत्यक्षात तो एका ढांगेत ओलांडता येतो. मी ओलांडला. अलीकडे बव्हेरिया, पलीकडे थुरिंगिया. पाणी घोट्याच्याही वर आले नसते. तेच पाणी पुढे झाले नदीला मिळते, झाले एल्बेला, आणि एल्बे उत्तर समुद्राला. दोन्ही काठ मिळून गावाची वस्ती आज पन्नासच्या आत-बाहेर. घरे, गोठे आणि धान्याची कोठारे मोजायला दोन्ही हातांची बोटे दोन-तीनदा वापरली की पुरे.

इतक्याशा ओढ्यावर राज्याची हद्द का यावी, याचे उत्तर सरंजामी जर्मनीच्या गोधडीत आहे. या मुलखाला फोग्टलांड म्हणतात, म्हणजे फोग्टांचा मुलूख. फोग्ट हे सम्राटाच्या वतीने कारभार पाहणारे अधिकारी. आपल्याकडच्या वतनदारांप्रमाणे त्यांनीही कारभाराची जहागीर केली आणि जहागिरीचे राज्य. त्यांच्यातूनच रॉइस हे घराणे निघाले. या घराण्याची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही : बाराव्या शतकातील सम्राट सहावा हाइनरिश याच्या सन्मानार्थ घराण्यातल्या प्रत्येक मुलाचे नाव हाइनरिशच ठेवायचे, असा त्यांचा रिवाज होता. केवळ गादीवर बसणाऱ्याचे नाही, प्रत्येकाचे. त्यामुळे एकेकाला क्रमांक द्यावा लागे. जवळच्याच लोबेनश्टाइनच्या गादीवरून १८४८ मध्ये पायउतार झालेला राजा बहात्तरावा हाइनरिश होता. आमच्या खात्यात एकाच नावाचे तीन खातेदार निघाले तरी कारकून घामाघूम व्हायचा.

तर ओढ्याच्या उत्तरेला हे रॉइस आणि दक्षिणेला बायरॉइटचे संस्थान, अशी वाटणी फार पूर्वीपासून होती. नेपोलियनच्या उलथापालथीत बायरॉइट आधी प्रशियाकडून फ्रेंचांकडे गेले आणि १८१० मध्ये फ्रेंचांकडून बव्हेरियाच्या राजाला मिळाले. नवा धनी आला की मोजणी आलीच. त्याच वर्षी टानबाखच्या काठाने हद्दीचे दगड रोवले गेले. त्यांवर एका बाजूला ‘बव्हेरियाचे राज्य’ आणि दुसऱ्या बाजूला ‘रॉइसचे संस्थान’ यांची आद्याक्षरे कोरलेली आहेत. हे दगड आजही तिथे आहेत. मी एकावर हात फिरवून पाहिला. कोरीव काम साधे, पण दगड नीट घडवलेला, खोल गाडलेला. दोनशे वर्षांत तो कललाही नाही. कुण्या अनाम मोजणीदाराचे काम पाहून मला बरे वाटले, हे कबूल करतो.

पुढची सुमारे १३५ वर्षे या दगडांनी कुणाचे काही बिघडवले नाही. गावात शाळा एकच, ती थुरिंगियाच्या काठावर. दारूचा गुत्ता म्हणा की खानावळ म्हणा, तीही तिकडेच. चर्चला मात्र दोन्ही काठांचे लोक बव्हेरियातल्या ट्योपेन गावी जात. सोयरिकी ओढ्याआरपार, शेतेही ओढ्याआरपार. वरची राज्ये बदलत होती : १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य झाले, १९१८ मध्ये राजे गेले, १९२० मध्ये रॉइससह सात छोटी राज्ये एकत्र येऊन थुरिंगिया बनले. गावाच्या दृष्टीने फरक एवढाच की कर कुठल्या कचेरीत भरायचा. हद्द होती, पण ती दप्तरात होती.

तिला दप्तरातून बाहेर काढले ते लंडनमधल्या एका कागदाने. १२ सप्टेंबर १९४४ रोजी, युद्ध चालू असतानाच, अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्या प्रतिनिधींनी जर्मनीच्या ताब्याचे विभाग ठरवणाऱ्या मसुद्यावर सह्या केल्या. नव्याने रेघा आखायला वेळ नव्हता, म्हणून जर्मनीतल्या प्रांतांच्या तेव्हा चालू असलेल्या हद्दीच विभागांच्या हद्दी म्हणून धरल्या गेल्या. थुरिंगिया सोव्हिएत विभागात, बव्हेरिया अमेरिकन विभागात. मोजणीच्या दृष्टीने हा निर्णय अगदी शहाणपणाचा. तयार हद्द, तयार दगड, तयार नकाशे, वादाला जागा नाही. मी त्या टेबलापाशी असतो तर हाच सल्ला दिला असता. त्या खोलीत म्योडलारॉइटचे नाव कुणी उच्चारण्याचे कारणच नव्हते. पण बहात्तर-बहात्तर हाइनरिशांच्या संस्थानाची शीव त्या दिवशी दोन महासत्तांची शीव झाली.

एप्रिल १९४५ मध्ये इथे प्रथम अमेरिकन सैन्यच आले. करारानुसार जुलैच्या सुरुवातीला त्यांनी थुरिंगिया सोडले आणि सोव्हिएत सैनिक दाखल झाले. पहिली काही वर्षे ओढा परवाना दाखवून ओलांडता येत असे. मुले शाळेत जात होती, माणसे शेतावर जात होती. १९४९ मध्ये दोन जर्मन राष्ट्रे स्थापन झाली, तरी गावात कसेबसे चाललेच होते.

ते २६ मे १९५२ ला संपले. त्या दिवशी पूर्व जर्मन सरकारने हद्दीबाबत हुकूम काढला. हद्दीला लागून दहा मीटरांचा पट्टा नांगरून मोकळा ठेवायचा, म्हणजे पाऊल उमटले तर दिसावे. आतला पाचशे मीटरांचा पट्टा ‘संरक्षित’. त्याच्या आतला पाच किलोमीटरचा पट्टा ‘निर्बंधित’, तिथे राहणाऱ्यांच्या ओळखपत्रावर शिक्का आणि बाहेरच्यांना परवान्याशिवाय प्रवेश नाही. हे अंतर नकाशावर मोजून पाहा. म्योडलारॉइटचा पूर्वेचा भाग ओढ्यालाच चिकटून आहे, म्हणजे अख्खीच्या अख्खी वस्ती सर्वांत कडक पट्ट्यात आली. रात्री घराबाहेर पडायचे नाही. बाहेरगावच्या सख्ख्या भावाने बारशाला यायचे म्हटले तरी अर्ज करायचा, आणि तो नाकारला जायचा. ओढ्याच्या काठाने माणसाच्या उंचीचे लाकडी फळ्यांचे कुंपण उभे राहिले. फळ्यांचे अशासाठी की पलीकडचे दिसूही नये.

हुकुमानंतर काही दिवसांतच माणसे उचलायला सुरुवात झाली. हद्दीलगतच्या गावांमधून ‘अविश्वसनीय’ ठरवलेल्या कुटुंबांच्या याद्या तयार झाल्या होत्या. पश्चिमेत नातलग असणे, राज्यकारभारावर टीका करणे, मोठी शेती असणे, किंवा शेजाऱ्याने चुगली केलेली असणे, कोणतेही कारण पुरे. घरी पोलीस यायचे, काही तासांत सामान बांधायला सांगायचे आणि ट्रकमधून दूरच्या जिल्ह्यात नेऊन सोडायचे. घर, गोठा, जनावरे, उभे पीक मागेच. सरकारी कारभारातच या मोहिमेला जे नाव पडले त्याचा अर्थ ‘किडे-ढेकूण’ असा होतो. १९६१ मध्ये दुसरी मोहीम झाली, तिचे नाव एका निळ्या रानफुलावरून ठेवले होते. दोन्ही मिळून हद्दीलगतच्या अकरा-बारा हजार लोकांना घरातून काढले गेले. म्योडलारॉइटमधलीही काही कुटुंबे त्यांत होती. नवीन गावी त्यांच्याविषयी आधीच अफवा पोहोचलेल्या असत, की हे गुन्हेगार आहेत. जमिनीवरून उठवलेल्या माणसांशी माझा नोकरीत संबंध आला आहे. त्यांना मोबदल्याची नोटीस तरी मिळाली होती.

काही गावांच्या वाट्याला याहून वाईट आले. थुरिंगियाच्याच दक्षिण टोकाचे बिल्मुटहाउझन हे खेडे हद्दीच्या फार जवळ पडते म्हणून टप्प्याटप्प्याने रिकामे करून १९७८ मध्ये पुरते जमीनदोस्त केले गेले. त्या मानाने म्योडलारॉइट वाचले. निदान उभे राहिले.

१९६६ मध्ये कुंपणाची जागा काँक्रीटच्या भिंतीने घेतली : लांबी सुमारे ७०० मीटर, उंची सुमारे ३.३ मीटर. पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधली हद्द १,३९३ किलोमीटरची. तिच्यावर बहुतेक ठिकाणी जाळीचे कुंपण होते. खेड्यात भिंत बांधली जाणे हा अपवाद. अमेरिकन सैनिक गावाला ‘छोटे बर्लिन’ म्हणू लागले आणि तेच नाव रूढ झाले.

इथे मोजणीदाराच्या कुतूहलाची एक गोष्ट आहे. हद्द ओढ्याच्या पात्राच्या मधोमध होती, पण मधोमध भिंत बांधता येत नाही. म्हणून ती पूर्वेच्या काठावर, आतल्या बाजूला बांधली गेली. परिणाम असा की अर्धा ओढा आणि त्यापुढची जमिनीची चिंचोळी पट्टी भिंतीच्या पश्चिमेला असूनही कायद्याने पूर्व जर्मनीची होती. बव्हेरियाच्या बाजूने आलेल्या पर्यटकाने भिंतीला हात लावायला ओढा ओलांडला, की तो परराष्ट्रात शिरला! म्हणून पश्चिमेच्या काठावर ‘ओढ्याच्या मध्यावर हद्द’ अशा इशाऱ्याच्या पाट्या लावाव्या लागल्या.

आणि पर्यटक येत होते. बव्हेरियाच्या काठावर शीतयुद्धाचे हे प्रदर्शन पाहायला बसगाड्या थांबत. फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश येऊन गेले. पाहणारे उंच जागेवरून पाहत, हात हलवत. पलीकडच्या माणसांना हात हलवून उत्तर द्यायला मनाई होती. अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बाईला पन्नास पावलांवर शेतात उभी असलेली तिची लहानपणची मैत्रीण दिसते, मैत्रीण हात करते, आणि हिने मान वळवून चिमटे लावत राहायचे. मनाई हात हलवण्याला होती आणि तोंडाने हाक देण्यालाही. असे तेवीस वर्षे.

१९७३ मध्ये दोन जर्मनींचे संबंध थोडे सैल झाले. पश्चिमेकडच्या हद्दीलगतच्या जिल्ह्यांतील लोकांना पलीकडच्या जवळच्या जिल्ह्यांत एका दिवसाची भेट द्यायला परवानगी मिळू लागली. म्योडलारॉइटच्या बव्हेरियन काठावरचा माणूस आता ठरलेल्या नाक्यावरून वळसा घालून पलीकडच्या जिल्ह्यात जाऊ शकत होता. फक्त एका ठिकाणी जाऊ शकत नव्हता : म्योडलारॉइटला. कारण ते निर्बंधित पट्ट्यात. भावाला भेटायचे तर दोघांनी आपापल्या घरून निघून तिसऱ्याच गावातल्या खानावळीत भेटायचे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पूर्वेकडच्या एका वाहनचालकाने गाडीतून शिडी आणली, भिंतीला लावली आणि उडी टाकली. या गावात थेट भिंत ओलांडून पळालेला तो एकच.

याच १९७३ मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त सीमा आयोग नेमला. त्याचे काम निव्वळ मोजणीचे, म्हणून इतिहासकार त्याच्यावर एखादे वाक्य खर्चून पुढे जातात. मला मात्र या सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत विलक्षण वाटतो. एकमेकांच्या राज्यांकडे संशयाने पाहणाऱ्या दोन देशांचे मोजणीदार शिवारात उतरले, दगड शोधले, हरवले तिथे नवे बसवले, आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये हद्दीचे कागद दोन्ही सरकारांच्या सह्यांनी पुरे झाले. एल्बे नदीतला सुमारे ९५ किलोमीटरचा भाग तेवढा वादात राहिला : हद्द नदीच्या मध्यावर की पूर्वेच्या काठावर? बाकी जवळजवळ सर्वत्र त्यांना आधार सापडला तो जुन्या राज्यांच्या कागदांचा. म्हणजे समाजवादी प्रजासत्ताकाच्या बंदूकधारी पहारेकऱ्याने कुठपर्यंत गस्त घालायची, हे राजेरजवाड्यांच्या मोजणीदारांनी ठरवून ठेवले होते.

त्या काळात हा सगळा टापूच सुटकेच्या गोष्टींनी भरला होता. सप्टेंबर १९७९ मध्ये दोन कुटुंबांतली आठ माणसे घरी शिवलेल्या गरम हवेच्या फुग्यातून रात्री हद्द ओलांडून नाइला या गावाजवळ उतरली. ते होफच्या पश्चिमेला, याच माळावर. दहा वर्षांनी, १ ऑक्टोबर १९८९ च्या पहाटे, प्रागच्या पश्चिम जर्मन वकिलातीत आश्रय घेतलेल्या पूर्व जर्मनांना घेऊन पहिली गाडी आली ती होफच्याच स्टेशनवर. सहा आठवड्यांच्या आत, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

म्योडलारॉइटची उघडली नाही. हे वाचले तेव्हा मला नवल वाटले होते. बर्लिनमध्ये लोक भिंतीवर चढून नाचत असल्याचे जगभर दिसत होते आणि छोट्या बर्लिनमध्ये काँक्रीट जसेच्या तसे. ओढ्यापलीकडच्या घरी जायला आता बंदी नव्हती, पण वाट नव्हती. दूरच्या नाक्यावरून फिरून यावे लागे. अखेर ९ डिसेंबर १९८९ रोजी, बरोबर महिन्याने, भिंतीत पायी जाण्यापुरती वाट झाली. त्याच दिवशी होफमध्ये दोन्ही जर्मनींतले सुमारे चारशे निसर्गप्रेमी जमले होते. माणसाला मज्जाव असलेल्या हद्दीच्या पट्ट्यात चाळीस वर्षांत दुर्मिळ पक्षी-वनस्पतींना आसरा मिळाला होता. तो पट्टा राखावा, असा ठराव त्यांनी केला. ‘हरित पट्टा’ म्हणून आज तो जपला जातो. नकाशावर पाहिले तर जुन्या हद्दीचा बराच भाग आता झाडोऱ्यावरून ओळखू येतो.

१७ जून १९९० रोजी बुलडोझर आला. भिंत जवळजवळ सगळी पाडली, सुमारे १०० मीटर तेवढी मुद्दाम ठेवली. त्याच वर्षी संग्रहालयाचे काम सुरू झाले. भिंतीचा तो तुकडा, टेहळणी मनोरा, कुंपण आणि नांगरलेला पट्टा आजही उघड्यावर पाहायला मिळतो. मला वाटले होते, सगळे पाडून टाकावे अशी गावकऱ्यांची इच्छा असणार. पण एवढी आठवण राखायची ठरली, हे चांगलेच झाले. निव्वळ ओढा पाहून कुणाचा विश्वास बसला नसता.

जर्मनी ३ ऑक्टोबर १९९० रोजी एक झाली. हद्द गेली, असे आपण म्हणतो. मोजणीदार तसे म्हणणार नाही. हद्द आहे तिथेच आहे, बव्हेरिया आणि थुरिंगिया या एकाच देशातल्या दोन राज्यांमधली. दक्षिणेचे घर ट्योपेनच्या नगराध्यक्षाकडे, उत्तरेचे गेफेलच्या. पिनकोड दोन, फोनचे क्रमांक दोन, शाळांचे नियम दोन, मोटारींच्या पाट्यांवरची अक्षरे दोन. बव्हेरियाच्या काठावर ‘ग्र्यूस गोट’ म्हणून अभिवादन होते, थुरिंगियाच्या काठावर ‘गूटन टाग’. थुरिंगियात ३१ ऑक्टोबरला प्रोटेस्टंट सुधारणेच्या दिवसाची सुट्टी असते, बव्हेरियात १ नोव्हेंबरला सर्व संतांच्या दिवसाची. एका काठावर सामसूम असताना दुसऱ्या काठावर ट्रॅक्टर चालू असतो, आणि दुसऱ्या दिवशी उलटे.

१८१० च्या मोजणीदाराला ही व्यवस्था ओळखीची वाटली असती.

परत निघताना मी पुतण्याला त्या दगडाजवळ उभे करून फोटो काढायला सांगितले. त्याने विचारले, ‘काका, नक्की कुठल्या बाजूने काढू?’ ऊन थुरिंगियाकडून येत होते, म्हणून तो बव्हेरियात उभा राहिला आणि मी ओढ्यापलीकडे गेलो. बूट ओले झाले, एवढेच.